पोटातला फुगवटा वेळीच ओळखा



विहिरीवरच्या रबरी पाइपाला फुगवटा आला, की तो तिथेच फुटणार हे आपण ओळखतो. तेवढा तुकडा कापून नवा जोड देतो. शरीरातही असे घडते.

हृदयातून निघणारी महारोहिणी ही मोठी रक्तवाहिनी पोटातून खाली जाते. तिथे तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर असते. पासष्टी ओलांडलेल्या पुरुषांत, विशेषतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, ती कमकुवत होऊन फुगते. बहुधा दुखत नाही, म्हणून कळत नाही. फुटली तर बरेच रोगी दवाखान्यात पोचण्याआधीच दगावतात.

थोर शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांच्या अशा फुगवट्याला १९४८ साली डॉ. निसेन यांनी सेलोफेनचे वेष्टन घातले. तो १९५५ साली फुटून ते वारले. १९५१ साली पॅरिसमध्ये डॉ. द्युबोस्त यांनी फुगलेला भाग काढून मृत माणसाची रक्तवाहिनी जोडली. पुढे डेक्रॉन कापडाची नळी आली. १९९० साली अर्जेंटिनात डॉ. पारोदी यांनी पोट न फाडता, जांघेतल्या रक्तवाहिनीतून नळी आत बसवली. आज दोन्ही पद्धती चालतात.

पुरुषांत फुगवटा ५.५ सेंटिमीटर झाला, की सहसा शस्त्रक्रिया सुचवतात; लहान असेल तर ठरावीक मुदतीने सोनोग्राफी करून नजर ठेवतात.

तेव्हा घरात विडी ओढणारे आजोबा असतील, तर डॉक्टरांना विचारून त्यांची एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या. एकाएकी पोट किंवा पाठ असह्य दुखली, तर शेकत-चोळत बसू नका. तडक मोठे रुग्णालय गाठा. आणि विडी? ती आजच सोडा!