कठडा नसलेले पाणी

व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत जलतरण तलावाच्या कुंपणाचा विषय यावा, याचे कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु तुये व भोवतालच्या पेडणे तालुक्यात घरबांधणीचे स्वरूप झपाट्याने पालटत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये मोपा येथील विमानतळाचे उद्घाटन झाले. मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांवरचा बंगल्यांचा ओघ आता आतील गावांकडेही वळू लागला आहे. बंगल्याच्या अंगणातील खासगी तलाव ही आता अपूर्वाई राहिलेली नाही. त्यास लागणारी फरशी, नळ व पंप हा माल आपणांपैकी काहींच्या दुकानांतूनच जातो. म्हणून हा विषय आपलाही आहे.

आपल्या पूर्वजांनी विहीर खोदली की तिच्याभोवती चिऱ्यांचा कठडा बांधला. नव्या तलावाचे पाणी मात्र फरशीच्या पातळीला असते. मोठ्यांच्या दृष्टीस ती शोभा. दोन वर्षांच्या बालकास ती निळी जमीन. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारे मूल बहुधा हाकही मारू शकत नाही.

आवाराला भिंत आहे, मग निराळे कुंपण कशास, असे विचारले जाते. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. आवाराची भिंत बाहेरच्यास अडविते. धोका तर घरातल्या बालकास आहे. म्हणून कुंपण घर आणि पाणी यांच्यामध्ये, चारही बाजूंनी हवे. ऑस्ट्रेलियातील नियमांत त्याची उंची किमान १.२ मीटर आणि फाटक आपोआप मिटून कडी लागणारे असावे, असे आहे. फ्रान्सने २००३ च्या कायद्याने खासगी तलावांना कुंपण, आच्छादन, बंदिस्त छत वा धोक्याची घंटा यांपैकी एक साधन सक्तीचे केले. आपल्या देशातही २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने, कूपनलिका खोदताना तारेचे कुंपण घालावे आणि सोडून दिलेली नलिका बुजवावी, असे निर्देश दिले. त्याआधी किती कोवळे जीव त्या खड्ड्यांत गेले, हे सर्वांस ठाऊक आहे. तलावांच्या बाबतीतही तितकीच वाट पाहावयाची काय?

गोव्यातील गावांत बांधकामास नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता व १९९४ च्या पंचायत राज कायद्यान्वये पंचायतीचा परवाना लागतो. शेवटी वास्तव्याचा दाखला मिळतो. आमची मागणी एवढीच की, तलावाच्या नकाशात कुंपण दाखविल्यावाचून परवाना देऊ नये आणि ते प्रत्यक्ष उभे राहिल्यावाचून दाखला देऊ नये. हा ठराव ग्रामसभेत मांडण्यास कोणाचीच आडकाठी नाही. कुंपणाचा खर्च मोठा, हीही तक्रार टिकणारी नाही. तलावाच्या एकंदर खर्चापुढे तो किरकोळच ठरेल.

परंतु परवाना हा शेवटचा उपाय. पहिला उपाय आपली जागरूकता. आचार्य उमास्वातींनी हिंसेचे मूळ प्रमादात दाखविले आहे. मारण्याची इच्छा नव्हती, एवढ्याने गाफीलपणाचा दोष पुसला जात नाही. पाणी गाळून पिणाऱ्या आणि पाऊल जपून टाकणाऱ्या समाजाने, आपण विकलेल्या मालाने बांधलेल्या तलावात वासरू वा बालक बुडावे आणि आपला संबंध बिलापुरताच असावा, हे कसे मानावे?

म्हणून आमची सभासद बंधूंस नम्र विनंती आहे की, तलावाचा माल देताना कुंपणाची गोष्ट गिऱ्हाइकाच्या कानी घालावी. बंगला बंद राहणार असेल तर तलाव झाकण्यास सांगावे. आणि पाण्यात पडलेल्या मुक्या जिवास वर चढता यावे म्हणून काठाशी एक उतरती फळी ठेवण्याचेही सुचवावे. यात एखादे वेळी सौदा लांबेल, पण वाचलेल्या जिवाची नोंद कोणत्याही खतावणीत नुकसानीच्या बाजूस होत नाही.