पाय कोणाचा आणि खाडा कोणाचा?

गंगाखेड-सोनपेठकडील ऊसतोड मजुराच्या पायाची जखम चिघळली की दोष त्याच्या तंबाखूला देऊन सुशिक्षित मंडळी मोकळी होतात. तंबाखू व मधुमेह यांनी रोहिण्या अरुंद होतात, रक्त पोहोचेनासे होते, चालताना पोटरीत गोळे येतात व जखम भरत नाही, हे खरेच. परंतु घोट्याचा रक्तदाब बाहूच्या रक्तदाबाच्या ०.९ पटीहून कमी भरला की रोग उमगतो. ही स्वस्त तपासणी फडावर कोण करतो? उचल घेतलेल्याने पायाला विश्रांती द्यावी, तर खाड्याचे पैसे कापले जातात! ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घेण्याचे ठरले आहे. त्यातून गाळप हंगामात प्रत्येक फडावर पाय तपासले जावेत आणि जखमी मजुराचा खाडा महामंडळाने भरावा.