बाटलीत काय आहे, हे आधी कळले पाहिजे



'औषध मारले' असे आपण सहज म्हणतो. पण हुमणीला आणि खोडकिडीला जे मारतो ते औषध नव्हे, विष आहे. ज्याने विष हाताळायचे त्याला त्याचे नाव, ताकद आणि उतारा या तिन्ही गोष्टी ठाऊक असल्याच पाहिजेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आठवावे. कपाशीवर फवारणी करताना वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. पंपात दोन-दोन, तीन-तीन औषधे कालवलेली. अशा वेळी अंगात नेमके काय भिनले ते रोगी सांगू शकत नाही, आणि डॉक्टरही अंधारात राहतात. ऑरगॅनोफॉस्फरस गटातल्या विषावर ॲट्रोपिन चालते. डायफेन्थ्युरॉनला मात्र ठरावीक उतारा नाही, लक्षणे पाहूनच उपचार करावे लागतात. तणनाशकातले पॅराक्वाटही तसेच, उतारा नसलेले.

ही कपाशीवाल्यांची गोष्ट, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नये. हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे सरीत फोरेट, म्हणजे आपले थायमेट, टाकत आलो. मूळ फोरेट उंदराच्या दर किलो वजनामागे दोन-चार मिलिग्रॅम पोटात गेले तरी जीव घेऊ शकते. 31 डिसेंबर 2020 पासून त्यावर देशात बंदी आहे. तरी कुणाच्या कोठीत जुनी पिशवी असेल, तर ती वापरू नये, पोरांच्या हाताला लागू देऊ नये.

काही सभासद म्हणतात, "साहेब, सगळं डब्यावर लिहिलेलं असतं की!" लिहिलेले असते, हे खरे. 1968 चा कीटकनाशक कायदा आणि 1971 चे नियम यांनी विषबाधेची लक्षणे व उतारा माहितीपत्रकात देणे बंधनकारक केले आहे. पण अक्षर मुंगीएवढे, आणि कागद बांधावरच उडून जातो. राहतो तो त्रिकोण. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे बिनविषारी नव्हे. आणि रंगावरून उतारा आहे की नाही, ते मुळीच कळत नाही.

बऱ्याच सभासदांची मुले पुण्यात येरवडा, हडपसरकडे नोकरीला आहेत. बाटलीचा फोटो पाठवला की ती मोबाईलवर माहिती धुंडाळतात. चांगले आहे. पण व्यापारी नावावर जाऊ नये. एकाच विषाची बाजारात अनेक नावे असतात. लेबलावरचे तांत्रिक नाव आणि टक्केवारी पाहावी, आणि ते केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या यादीत उसासाठी मंजूर आहे का ते तपासावे. 'टॉनिक' म्हणून खपवलेल्या ज्या बाटलीवर आत काय आहे हेच लिहिलेले नाही, तिची माहिती कुठे शोधणार? ती घेऊच नये.

आमचे म्हणणे असे की हा भार एकट्या सभासदावर टाकून चालणार नाही. प्रत्येक गट ऑफिसात आपल्या भागात विकल्या जाणाऱ्या औषधांची वही असावी. तांत्रिक नाव, त्रिकोणाचा रंग, लक्षणे, उतारा, सारे मोठ्या मराठी अक्षरात. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय विष माहिती केंद्र रात्रंदिवस चालते. त्याचा नंबर ऑफिसच्या भिंतीवर रंगवावा. वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय जरूर लावून धरावा.

तोवर एवढे तरी करावे. पक्की पावती घ्यावी, मनाने औषधे कालवू नयेत आणि पीक निघेपर्यंत लेबल जपून ठेवावे. फवारणारा बहुधा रोजाचा गडी असतो. पंप पाठीवर देण्याआधी आत काय आहे ते त्याला सांगावे. आणि त्याला भोवळ आली, तर दवाखान्यात त्याच्याबरोबर बाटलीही न्यावी.

— ऊस विकास अधिकारी