चेंडू आखूड पडला की...

एका रेल्वे वसाहतीतून वाचक बंधूंचे पत्र आले आहे. ते वर्कशॉपमध्ये फिटर आहेत. त्यांची मुलगी नववीत शिकते आणि तीन वर्षांपासून रेल्वे इन्स्टिट्यूटच्या कोर्टवर टेनिस खेळते. रॅकेट कुणाची तरी वापरलेली, चेंडू साहेबलोकांनी टाकून दिलेले. शालेय स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली. कशी हरली, ते बंधूंच्याच शब्दांत देतो.

"समोरची मुलगी चेंडू हळूच कापून जाळीच्या जवळ टाकायची. आमची पोर धावत पुढे जायची आणि जीव खाऊन मारायची. एकतर जाळीत, नाहीतर बाहेर. मी मोजले, अकरा गुण असे गेले. आता जो तो तिला सांगतो, पुढे जाऊच नकोस, मागे राहूनच खेळ. ती दोन दिवस कोर्टवर गेलेली नाही. मला यातले काही कळत नाही. तिने पुढे जावे की नाही, एवढेच कळवा."

बंधू, तिने पुढे जावे. मात्र जाताना जो फटका ती मारते, तो बदलायला हवा. अकरा गुण मोजणाऱ्या बापाला यातले काही कळत नाही, हे आम्हाला पटत नाही. रोग तुम्ही बरोबर ओळखला आहे.

टेनिसमध्ये आखूड आलेला चेंडू मारून त्याच्या मागोमाग जाळीकडे जायचे, त्या फटक्याला अप्रोच शॉट म्हणतात. क्रिकेट पाहणाऱ्या आपल्या मुलांना आखूड टप्प्याचा चेंडू म्हटले की छातीवर येणारा चेंडू आठवतो. इथे उलटे असते. इथला आखूड चेंडू बहुधा गुडघ्याखाली राहतो, आणि तो सोपा वाटतो हीच त्याची लबाडी.

थोडा हिशेब करू. कोर्टची लांबी 78 फूट. म्हणजे बेसलाइनपासून जाळी 39 फुटांवर, तर सर्व्हिस लाइनपासून 21 फुटांवर. मुलगी बेसलाइनवरून मारते तेव्हा समोरच्या बेसलाइनपर्यंत तिला 78 फूट मिळतात. सर्व्हिस लाइनवरून मारते तेव्हा मिळतात फक्त 60. हात मात्र तोच, मागून पूर्ण फिरवून आणलेला. मग 78 फुटांचा फटका 60 फुटांत कसा मावणार? त्यातून जाळी मध्यभागी 3 फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच. चेंडू गुडघ्याजवळ असेल तर तो आधी वर उचलावा लागतो. वर उचलायचा आणि जोरातही मारायचा, म्हणजे तो बाहेरच जाणार. बाहेर जाईल या भीतीने रॅकेट दाबली की जाळीत. तुमच्या लेकीचे अकरा गुण या दोन दारांनी गेले.

असे तिचेच होते असे नाही. जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचे विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात झाले आहे. 5 जुलै 1975 चा तो सामना. एका बाजूला जिमी कॉनर्स, वय 22, आदल्या वर्षीचा विजेता. अंतिम फेरीपर्यंत त्याने एकही सेट गमावला नव्हता. दुसऱ्या बाजूला आर्थर अ‍ॅश, बत्तिशीच्या उंबरठ्यावर आलेले. यापूर्वी दोघे तीनदा भेटले आणि तिन्ही वेळा कॉनर्स जिंकला होता.

अ‍ॅश अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराचे. काळ्यांसाठी राखलेल्या ब्रूक फील्ड मैदानाचे त्यांचे वडील रखवालदार होते, घर त्या मैदानातच. गोऱ्यांच्या बायर्ड पार्कमधल्या कोर्टवर लहान आर्थरला मज्जाव होता. पाणवठ्याची गोष्ट ज्या घरांना ठाऊक आहे, त्यांना कोर्टची वेगळी समजावून सांगायला नको. याच मुलाने पुढे 1968 साली अमेरिकन खुली स्पर्धा जिंकली.

अ‍ॅश यांची ख्याती जोरकस फटक्यांची. पण कॉनर्सला वेगच हवा असतो, आलेला वेग तो दुप्पट करून परत पाठवतो, हे त्यांनी ओळखले. त्याचा कच्चा दुवा होता खाली राहिलेला, मेलेला चेंडू फोरहँडवर घेणे. म्हणून त्या दिवशी अ‍ॅश यांनी फटक्यातला जोरच काढून घेतला. मऊ, कापलेले, ठेंगणे चेंडू त्याच्या फोरहँडकडे पाठवत राहिले. कॉनर्स पुढे यायचा, हात सैल सोडून मारायचा आणि चेंडू जाळीत जायचा. पहिले दोन सेट अ‍ॅश यांनी 6-1, 6-1 घेतले. तिसरा कॉनर्सने 7-5 असा काढला, चौथ्यात तो 3-0 पुढेही गेला. तरीही अ‍ॅश यांनी आपली रीत सोडली नाही आणि तो सेट 6-4 असा जिंकून विम्बल्डन घेतले. हे विजेतेपद मिळवणारे ते पहिले काळे पुरुष.

ही हकीकत लेकीला जरूर सांगा. जो सापळा कॉनर्सला चुकवता आला नाही, त्यात नववीतली मुलगी अडकली तर तिने तोंड लपवायचे कारण नाही.

आता फटक्याबद्दल. पहिली गोष्ट तिच्या डोक्यातून काढायची आहे ती ही, की आखूड चेंडू आला म्हणजे गुण आला. अप्रोचने गुण घ्यायचा नसतो, पुढच्या चेंडूवर घ्यायचा असतो. अप्रोच एवढाच असावा की समोरचीला अडचणीतून, वाकून मारावे लागेल आणि उत्तर उंच, सोपे येईल. ते जाळीपाशी हवेतच अडवायचे, म्हणजे व्हॉली. जो चेंडू जाळीच्या उंचीवर उसळतो तो जरूर ठणकावून मारावा, तिथे आम्ही कुणाचा हात धरणार नाही. खालच्या चेंडूला मात्र स्लाइस. रॅकेट मागे थोडीच न्यायची, खांद्याच्या उंचीवरून पुढे आणि खाली आणायची, चेंडू किंचित कापायचा. गुडघे वाकवायचे, कंबर नव्हे. असा कापलेला चेंडू टप्प्यानंतर फारसा उठत नाही. मग खाली वाकायची पाळी समोरचीवर येते.

मारायचा कुठे? खोल, म्हणजे बेसलाइनच्या तीन-चार फूट अलीकडे. आणि शक्यतो सरळ, ज्या बाजूला आपण उभे आहोत त्याच बाजूच्या रेषेने. कोर्टच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात मारायचा मोह मुलांना फार होतो, कारण तिकडे मोकळी जागा दिसते. पण तिरका मारला तर जाळीपाशी पोहोचताना आपल्यालाही अख्खे कोर्ट ओलांडावे लागते, आणि आपली बाजू उघडी पडते. सरळ मारला तर एक-दोन पावलांत आपण योग्य जागी असतो. योग्य जागा म्हणजे कोर्टचा मध्य नव्हे. समोरची जितक्या बाजूंना मारू शकते, त्यांचा मध्य. तो नेहमी चेंडू गेला त्या बाजूला थोडा सरकलेला असतो. आपल्या चेंडूच्या मागे चालत जा, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. एक अडचण आहेच, रेषेच्या बाजूला जाळी काही इंच उंच असते. म्हणून अगदी रेषेवर नेम धरू नये, तीन फूट आत धरावा. आणि गडबड झाली तर चेंडू सरळ मध्यावर खोल टाकावा. त्यात समोरचीला कोन मिळत नाही, आणि सुरुवातीला आम्ही तरी हेच शिकवू.

मारताना ब्रेक लावल्यासारखे थांबायचे नाही, पण भरधाव धावतही मारायचे नाही. चेंडूजवळ पावले लहान करायची, मारत मारत पुढे सरकायचे. समोरची मारायला हात नेते त्या क्षणी दोन्ही पायांवर छोटी उडी घेऊन स्थिर व्हायचे, मग चेंडू जिकडे येईल तिकडे. ही उडी विसरल्यामुळे कितीतरी मुले जाळीपाशी खांबासारखी उभी राहतात. जाळीला अगदी चिकटूही नये, डोक्यावरून लॉब जातो.

हल्ली दूरदर्शन संचावर पाहिले तर बहुतेक खेळाडू मागे राहूनच ठोकाठोकी करतात. रॅकेट आणि तार बदलली, विम्बल्डनचे गवतही 2001 पासून बदलले, त्यामुळे जाळीकडे धावणारे कमी झाले. लेकीला 'मागे राहा' सांगणाऱ्यांनी बहुधा तेच पाहिले असावे. पण आखूड चेंडू आजही पडतोच, आणि त्याला आणायला पुढे जावेच लागते. गेल्यावर परत मागे पळणे यासारखे वाईट काही नाही.

बंधू, सराव तुम्ही घेऊ शकता. जाळीच्या पलीकडे उभे राहा आणि खालून हात फिरवून चेंडू तिच्या सर्व्हिस लाइनच्या आत टाका. ती बेसलाइनवरून येईल. तुमच्या बाजूला बेसलाइनच्या अलीकडे सहा फुटांवर खडूने एक रेघ ओढा, चेंडू त्या पट्टीत पडला पाहिजे. मारून झाल्यावर तिने जाळीकडे यायचे, उडी घ्यायची, आणि तुम्ही दुसरा चेंडू तिच्या छातीच्या उंचीवर टाकायचा, तो तिने हवेत अडवायचा. जुने, मऊ पडलेले चेंडू कमी उसळतात म्हणून कुरकुर करू नका. या सरावाला तेच बरे, तिला वाकायची सवय होईल. एका वेळी वीस चेंडू. किती पट्टीत पडले, किती जाळीत गेले, किती बाहेर, हे वहीत लिहीत जा. पहिल्या आठवड्यात जाळीत गेलेले जास्त निघतील.

पुढची स्पर्धा कधी आहे ते तुम्ही लिहिलेले नाही. ती झाली की वहीतले आकडे आणि तिचे अकराचे किती झाले, दोन्ही कळवा.