वेरूळची बस दर अर्ध्या तासाला का नाही?

थोडं मोठं लिहितोय, पण आपल्या शहराचा विषय आहे, वेळ काढून वाचा.

दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून मावसभाऊ आला होता, बायको आणि दोन पोरं घेऊन. मी कामात होतो, त्यामुळे त्यांनी एका खाजगी ट्रॅव्हल्सची एक दिवसाची टूर घेतली. देवगिरी किल्ला, भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, पाणचक्की, बीबी का मकबरा, सगळं एका दिवसात! संध्याकाळी घरी आले तेव्हा पोरांना विचारलं, किल्ल्यावर अंधारी पाहिली का? नाही म्हणे, गाईडने तासाभरात परत यायला सांगितलं होतं. मेंढा तोफ? तीही नाही. वेरूळला कैलास पाहिलं, फोटो काढले, संपलं. चौतीस लेण्यांपैकी एक. बत्तीस नंबरची इंद्रसभा कुठे आहे हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नाही.

यात त्या टूरवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. सहा ठिकाणं एका दिवसात बसवायची तर तो दुसरं काय करणार? नीट चढायचं तर एकट्या किल्ल्यालाच तीन तास लागतात. खरा प्रश्न असा की बाहेरून आलेल्या माणसाला दुसरा पर्याय काय देतो आपण? स्पेशल गाडी करा, नाहीतर सीबीएसला उभं राहून कन्नडकडे जाणारी लालपरी पकडा, नाहीतर काळी-पिवळीत दाटीवाटीने बसा. आपल्याला या गाड्या माहीत आहेत. चेन्नईहून आलेल्या माणसाला "कन्नड"ची पाटी बघून ती वेरूळला जाते हे कसं कळणार? परदेशी पाहुण्याकडून लेण्यांचं तिकीट सहाशे रुपये घेतो आपण (आपल्याला चाळीस), आणि तिथपर्यंत पोचायचं कसं ते त्याचं त्यानं बघायचं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की शहराला आणखी एक "दर्शन बस" नकोय. सकाळी एकदा निघणारी, सगळ्यांना मेंढरासारखं फिरवून संध्याकाळी सोडणारी. हवी आहे ती दर अर्ध्या तासाला सुटणारी साधी बस आणि दिवसभराचं एकच तिकीट. कुठेही उतरा, हवं तेवढा वेळ थांबा, मागची बस पकडा.

आणि यासाठी आपल्यासारखा सोयीचा रस्ता दुसऱ्या कुठल्या शहराला असेल असं मला वाटत नाही. रेल्वे स्टेशन, सीबीएस, दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ, सगळं एका ओळीत. तीस किलोमीटर. हिशेब करून बघा. जायला एक तास, यायला एक तास, मधले थांबे आणि ड्रायव्हरचा चहा धरला तर तीन तासांची फेरी. दर अर्ध्या तासाला गाडी सोडायची तर सहा बस लागतात. फक्त सहा! बिघाडासाठी एक जादा ठेवा, सात. दिवसभराच्या तिकिटाची कल्पनाही काही नवी नाही. एसटीचा "आवडेल तेथे प्रवास"चा चार आणि सात दिवसांचा पास कित्येक वर्षं आहे. तोच प्रकार, एका दिवसाचा, एका रस्त्यापुरता.

दौलताबादच्या दरवाज्यातली कोंडी तर तुम्ही रविवारी भोगलेलीच असेल. त्या दगडी कमानीतून एका वेळी जेमतेम एक मोठी गाडी जाते. चाळीस माणसं दहा गाड्यांतून जाण्याऐवजी एका बसमधून गेली तर त्या कमानीवर आणि आपल्यावर उपकारच होतील. अजिंठ्याला आपण हेच करतो की. फर्दापूरच्या टी पॉइंटला खाजगी गाड्या थांबवतो आणि शेवटचे चार किलोमीटर सगळ्यांना बसनेच नेतो, चित्रांना धूर लागू नये म्हणून. लोक कुरकुरतात, पण जातात. (अजिंठ्यापर्यंतच्या शंभर किलोमीटरच्या रस्त्याबद्दल मी आज बोलत नाही, तो वेगळ्या पोस्टचा विषय आहे.)

आता कुणी म्हणेल, रिक्षावाल्यांच्या आणि जीपवाल्यांच्या पोटावर पाय येईल. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. वेरूळच्या भाड्यावर कितीतरी घरं चालतात आणि काळी-पिवळीवाल्यांचं थोडं नुकसान होईल हे खरं आहे. त्यांच्यातल्या परवानाधारकांना या बसवर ड्रायव्हर-कंडक्टर म्हणून आधी घ्या, ही अट निविदेतच टाका. पण दुसरी बाजूही बघा. आज पाहुणा एका दिवसात सगळं उरकतो आणि रात्रीच्या गाडीने निघून जातो. बस मिळाली तर एक दिवस किल्ला आणि खुलताबाद, दुसरा दिवस वेरूळ असं करेल. म्हणजे मुक्काम वाढला. मग संध्याकाळी मकबऱ्याला, पाणचक्कीला, नान-खलिया खायला, हिमरू घ्यायला तो रिक्षानेच फिरणार ना?

आणि ही बस फक्त पाहुण्यांची राहणार नाही. खुलताबादहून कॉलेजला येणारी पोरं, शनिवारी भद्रा मारुतीला जाणारे आपण, रस्त्याच्या कडेला पेरू आणि सीताफळं विकणाऱ्या बाया, सगळ्यांना तिचा उपयोग आहे. पाहुणे कमी असतील त्या महिन्यांत बस याच लोकांवर चालेल. दर्शन बसला ही सोय नसते, तिच्यात सीट भरल्या नाहीत की ती बंद पडते.

बस येईल तेव्हा येईल. तोपर्यंत एक काम उद्यासुद्धा होण्यासारखं आहे. स्टेशनच्या दारात मराठी, हिंदी, इंग्रजीत एक मोठा फलक लावा. वेरूळची गाडी कुठून, किती वाजता, भाडं किती, शेवटची परतीची गाडी किती वाजता. आणि खाली ठळक अक्षरात: सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ बंद. मंगळवारी सकाळी स्टेशनवर उतरून थेट लेण्यांच्या बंद फाटकापुढे जाऊन उभं राहिलेलं कुणी तुम्ही पाहिलं असेल, तर खाली लिहा. आपल्या नगरसेवकाला टॅग करायला विसरू नका.