पत्रं पोचवणाऱ्या फौजी बायका

आपल्या कॉलेजात 'क्लेरिकल काम' ही जवळजवळ शिवीच आहे. डेटाबेसच्या प्रॅक्टिकलला कुणी मन लावून टेबल भरत बसलं की मागून आवाज येतोच, "काय रे, क्लार्क होणार का?" असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकन सैन्याच्या ६८८८ नंबरच्या बटालियनबद्दल एकदा वाचावं. (मराठी कॉन्व्हेंटवालीचं आहे, शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा, मुद्द्याकडे नको.)

१९४५ सालचा फेब्रुवारी. या बटालियनच्या बायका इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला पोचल्या. एकूण ८५५ जणी, जवळजवळ सगळ्या कृष्णवर्णीय. समोर सैनिकांच्या पत्रांचा आणि पार्सलांचा ढीग, सुमारे १ कोटी ७० लाख! गोदामं थंडगार, आणि घरून आलेल्या केकवर उंदीर ताव मारताहेत. मुदत सहा महिन्यांची होती. यांनी तीन महिन्यांत ढीग संपवला.

कसा? आता कॉम्प्युटरवाल्यांनी कान टवकारावेत. त्यांनी सुमारे ७० लाख कार्डांचा इंडेक्स ठेवला होता. एकट्या 'रॉबर्ट स्मिथ' नावाचे साडेसात हजार सैनिक! नाव ही प्रायमरी की होऊ शकत नाही, हे आपण व्हायवासाठी घोकतो. त्या सर्व्हिस नंबर बघून माणूस ओळखायच्या, आणि युनिट हललं की कार्डावर बदल करायच्या. दिवसरात्र तीन पाळ्या, एकेका पाळीत सुमारे ६५,००० पत्रं. मेलेल्या सैनिकांची पत्रं परत पाठवायचं कामही यांच्याच हाताने व्हायचं. त्याला आपण क्लेरिकल म्हणणार का?

युद्ध संपलं, १९४६ पर्यंत सगळ्या घरी परतल्या. ना मिरवणूक, ना सत्कार. त्यांच्यातल्या इंडियाना हंट-मार्टिन या बाईंनी नंतर ४१ वर्षं न्यूयॉर्क राज्याच्या कामगार खात्यात नोकरी केली. बटालियनला काँग्रेशनल गोल्ड मेडल देण्याचा कायदा झाला २०२२ साली. बाई २०२० सालीच गेल्या, ९८ वर्षांच्या होऊन. बफेलो शहरातल्या एका पोस्ट ऑफिसला मात्र आता त्यांचं नाव आहे. इतका उशीर का, याचं उत्तर मला रंगात आणि बाईपणात दिसतंच, पण त्या 'नुसत्या पत्रं लावत होत्या' यातही दिसतं. बंदूक हातात असती तर कदाचित लवकर आठवल्या असत्या.

आपल्याकडे तरी काय वेगळं? माझी आजी पोस्टात सॉर्टिंगला होती. नातेवाईक तिची ओळख करून देतात ती पुरणपोळीवरून. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणलेला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यानंतर दोनच वर्षांनी ती नोकरीला लागली. लोक पिनकोड लिहायचेच नाहीत. नुसतं 'पिंपळगाव' लिहिलेलं पाकीट आलं की बसवंत की हरेश्वर, हे ती पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून ताडायची.

तिला मी ही सगळी गोष्ट सांगितली. मेडलबद्दल काही बोलली नाही. विचारलं ते एवढंच, "अगं, अर्धवट पत्त्याच्या पाकिटांचं काय करायच्या त्या?" मी म्हटलं, काहींवर तर नुसतं 'ज्युनियर, यू. एस. आर्मी' असायचं. आजी कपाळाला हात लावून हसत सुटली.