शैक्षणिक कर्जाचे हप्ते : मुदत मागा, पण हिशोब करून

मुलाच्या किंवा मुलीच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज काढणे ही आता आपल्या व्यापारी व कारागीर वर्गात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. जोगेश्वरी-ओशिवऱ्याचे फर्निचरवाले असोत, साकीनाक्याच्या खैरानी रोडवरील छोटे कारखानदार असोत, घाटकोपर-असल्फ्याचे टेलर असोत की बोरिवली-मुलुंडचे किरकोळ दुकानदार असोत, आपली मुले इंजिनिअर, फार्मासिस्ट, नर्स किंवा हिशोबनीस व्हावीत असे प्रत्येकालाच वाटते. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शिक्षण संपून नोकरी मिळत नाही किंवा मिळाली तरी पगार तुटपुंजा असतो, आणि तेवढ्यात बँकेचा हप्ता दारात येऊन उभा राहतो. अशा वेळी ‘हप्ते काही महिने थांबवता येतील काय?’ हा प्रश्न घराघरात विचारला जातो. आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. मात्र थांबवण्याची किंमत किती, ती कोण भरतो आणि थांबवण्याची रीत कोणती, हे ठाऊक असल्याशिवाय कोणीही त्या वाटेला जाऊ नये.

प्रथम नियम पाहू. आपल्या देशातील बहुतेक बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेच्या धर्तीवर कर्ज देतात. ही योजना २००१ साली आली आणि २०१५ साली तिच्यात मोठी सुधारणा झाली. त्यानुसार अभ्यासक्रमाचा संपूर्ण काळ व त्यानंतरचे एक वर्ष हप्ता सुरू होत नाही. पुढे फेडीसाठी पंधरा वर्षांपर्यंतची मुदत मिळू शकते. चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. इतके बहुतेकांना माहीत असते. परंतु याच योजनेत आणखी दोन तरतुदी आहेत, ज्यांची वाच्यता शाखेत क्वचितच होते. एक अशी की, कर्जदार बेकार झाला किंवा शिक्षणाच्या मानाने फारच कमी पगारावर काम करीत असेल, तर कर्जाच्या एकंदर काळात दोन-तीन वेळा हप्त्यांना पुन्हा मोहलत देता येते. दुसरी अशी की, शिक्षणानंतर नोकरी न करता स्वतःचा नवा उद्योग उभारणाऱ्यालाही सुरुवातीच्या जम बसवण्याच्या काळात हप्त्यांतून सूट देता येते. योजना आदर्श स्वरूपाची असल्याने अंतिम निर्णय बँकेचा असतो हे खरे. पण मागितल्याशिवाय तो निर्णय होतच नाही, हेही तितकेच खरे आहे.

आता किंमत पाहू. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही, ही एक ओळ प्रत्येक पालकाने गल्ल्यावर लिहून ठेवावी. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाखांचे कर्ज दहा टक्के दराने घेतले. शिक्षणाची चार वर्षे व पुढचे एक वर्ष या काळात व्याज सरळ पद्धतीने धरले, तरी पहिल्या लाखावर ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार व चौथ्यावर २० हजार असे १ लाख ४० हजार व्याज साचते. म्हणजे पहिला हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज चार लाखांचे नसून ५ लाख ४० हजारांचे असते. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१३६ रुपये बसतो.

याच कुटुंबाने शिक्षण चालू असतानाच महिन्याचे व्याज भरले असते तर? पहिल्या वर्षी महिना सुमारे ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, आणि पुढे ३,३३३. मग पुढचा हप्ता ५,२८६ रुपयांवर आला असता. दरमहा १,८५० रुपयांचा फरक! दहा वर्षांत हा फरक २ लाख २२ हजारांवर जातो. या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची सोयही आदर्श योजनेत आहे. पहिल्या वर्षाचे ८३३ रुपये ही रक्कम चालू दुकानाला जड नसते. ती जड वाटते कारण कोणी मागत नाही. जो देणेकरी दारात येत नाही त्याचे देणे सर्वांत शेवटी, ही आपली सवय येथे महागात पडते.

पुढे जाऊन पाहा. हप्ते सुरू होणार त्याच वेळी मुलाची नोकरी गेली आणि सहा महिन्यांची मोहलत घेतली. त्या सहा महिन्यांत ५ लाख ४० हजारांवर सुमारे २७ हजार ५०० रुपये व्याज चढते व मुद्दलात मिळते. हप्ता तोच ठेवला तर १२० हप्त्यांच्या जागी जवळजवळ १३१ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा महिन्यांच्या विश्रांतीचे मोल अकरा जादा हप्ते! उलट हीच सहा महिन्यांची मोहलत शेवटचे एक वर्ष उरले असताना घेतली, तर बाकी ८१ हजारांच्या आसपास असल्याने व्याज चार हजारांच्या जवळपासच पडते. सांगायचा मुद्दा असा की, मोहलत सुरुवातीला सर्वांत महाग आणि शेवटी सर्वांत स्वस्त असते. दुर्दैवाने गरज मात्र सुरुवातीलाच जास्त लागते.

करोनाच्या काळाचा अनुभव येथे आठवण्यासारखा आहे. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने १ मार्चपासून तीन महिन्यांचे हप्ते पुढे ढकलण्यास परवानगी दिली व २२ मे रोजी ती मुदत ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढवली. दुकाने बंद, कारखाने बंद, कारागीर गावी गेलेले. त्या वेळी ही सवलत उपयोगीच होती. पण पुष्कळांचा समज झाला की सहा महिन्यांचे व्याजही माफ झाले. तसे काही नव्हते. आग्र्याचे एक चष्म्याचे दुकानदार गजेंद्र शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर व्याजावरचे व्याज तेवढे परत देण्याची योजना काढली. त्यात शैक्षणिक कर्जेही होती. २३ मार्च २०२१ च्या निकालात न्यायालयाने त्या सहा महिन्यांसाठी व्याजावर व्याज कोणाकडूनच घेऊ नये असे सांगितले. मूळ व्याज माफ करण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. वरच्या उदाहरणात हा दिलासा किती होतो? साधारण ५६९ रुपये. आणि मूळ व्याज २७ हजार! त्याच काळात अमेरिकेत सरकारी शैक्षणिक कर्जांचे हप्ते मार्च २०२० पासून थांबवले गेले, तेव्हा व्याजाचा दरही शून्य करण्यात आला आणि ही सवलत २०२३ च्या शरद ऋतूपर्यंत चालली. तेथे काळ खरोखर थांबला. आपल्याकडे फक्त वसुली थांबली.

आपला व्यापारी बांधव हा फरक चटकन ओळखेल. मंदीत एखादा दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडे जाऊन ‘शेठ, दोन महिने थांबा’ म्हणतो, तेव्हा जाणता घाऊक व्यापारी थांबतो आणि जुन्या बिलावर आकडा वाढवत नाही. तो हे केवळ दयेपोटी करीत नाही. बंद पडलेले दुकान कोणाचेच देणे देत नाही, हे त्याला ठाऊक असते. कुरआनच्या सूरह अल-बकरातील २८० व्या आयतीची शिकवणही हीच आहे की, अडचणीतल्या ऋणकोला हात मोकळा होईपर्यंत मोहलत द्यावी. व्याज चढवत दिलेली मोहलत ही खऱ्या अर्थाने मोहलत नाही. ती आणखी एक उधारी आहे.

यात आणखी एक धोका आहे, आणि तो थेट आपल्या धंद्यावर येतो. शैक्षणिक कर्जावर विद्यार्थ्याबरोबर बाप सहकर्जदार म्हणून सही करतो. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की बँक ते खाते बुडीत वर्गात टाकते आणि त्याची नोंद मुलाप्रमाणेच बापाच्याही पतनोंदीत जाते. पुढे तोच बाप दुकानासाठी कॅश क्रेडिट, यंत्रासाठी कर्ज किंवा मुद्रा योजनेतून भांडवल मागायला गेला, तर संगणकावर मुलाचे थकलेले खाते दिसते. धंद्यात एकही चेक न परतवलेल्या माणसाची पत अशी घरबसल्या जाते. म्हणून न विचारता थांबवलेला हप्ता आणि मागून घेतलेली मोहलत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला प्रकार थकबाकी ठरतो, दुसरा करार.

तेव्हा रीत काय असावी? अडचण दिसू लागताच, पहिला हप्ता चुकण्याआधी, शाखेत लेखी अर्ज द्यावा. तोंडी बोलण्यावर विसंबू नये. नोकरी गेल्याचे पत्र, कमी पगाराची पावती किंवा मुलाने स्वतःचे वर्कशॉप सुरू केले असल्यास उद्यम नोंदणीचा कागद सोबत जोडावा. अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. किती महिन्यांची मोहलत हवी, त्यानंतर हप्ता वाढणार की मुदत वाढणार, आणि पतनोंदीत ती कशी दाखवली जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. जमेल त्याने मोहलतीच्या काळातही निदान व्याजापुरते पैसे भरावेत. म्हणजे मुद्दल फुगत नाही. तक्रारीला बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते व त्यासाठी शुल्क पडत नाही.

कर्ज काढण्यापूर्वीच सरकारी सवलतींची चौकशी करावी हे अधिक श्रेयस्कर. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास मान्यताप्राप्त संस्थांतील तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मोहलतीच्या काळातील व्याज केंद्र सरकारने भरण्याची योजना २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर मोहलतीच्या काळात तीन टक्के व्याजसवलत ठेवली आहे. मात्र ती निवडक संस्थांपुरतीच आहे व सुरुवातीच्या यादीत ८६० संस्था होत्या. आपल्या उपनगरांतील साध्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला तिचा लाभ मिळेलच असे नाही. परदेशी शिक्षणासाठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना मोहलतीच्या काळातील व्याज देणारी ‘पढो परदेश’ योजना तर २०२२-२३ पासून बंदच करण्यात आली. राज्यात मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ आहे. तेथील शैक्षणिक कर्जाचा दर बँकेपेक्षा बराच कमी असतो. त्याची माहिती आपल्या वस्त्यांत पोहोचली पाहिजे.

येथे आमच्या काही मागण्या आहेत. बँकांनी बेकारी व अल्प पगाराच्या काळातील मोहलतीची तरतूद प्रत्येक शाखेत मराठीत, ठळक अक्षरांत लावावी. सरकारने व्याजसवलत संस्थेच्या नावावर न ठरवता घरच्या उत्पन्नावर ठरवावी आणि बेकारीमुळे मिळालेल्या मोहलतीतही निदान व्याजावर व्याज चढू देऊ नये. हप्ता सर्व महिन्यांत सारखाच हवा हा आग्रहही सोडावा. पावसाळ्यात ज्याचे काम अर्ध्यावर येते आणि सणासुदीला ज्याचा हात मोकळा होतो, अशा स्वयंरोजगारी तरुणाला सीझनप्रमाणे हप्ता बांधून दिला, तर बँकेची वसुली सुधारेल, बिघडणार नाही.

परंतु सर्व ओझे सरकार व बँकेवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. अनेक कुटुंबे व्याजापासून दूर राहू इच्छितात आणि म्हणूनच मुलांचे शिक्षण अर्ध्यावर सोडतात, किंवा नाइलाजाने कर्ज काढून मनातून कष्टी राहतात. त्यांना केवळ उपदेश करून भागणार नाही, पर्याय द्यावा लागेल. मोहल्ल्याची जमात, बाजारातील व्यापारी संघटना, माजी विद्यार्थी यांनी मिळून कर्ज-ए-हसनाचा लहानसा निधी उभा केला, तर पहिल्या वर्षाचे फीचे पैसे किंवा बेकार तरुणाचे सहा हप्ते त्यातून भागू शकतात. वरच्या उदाहरणात सहा हप्त्यांची रक्कम ४३ हजारांच्याही आतच आहे. दहा दुकानदारांनी प्रत्येकी पाच हजार बिनव्याजी बाजूला काढले, तर एका घराचे अकरा जादा हप्ते वाचतात आणि ती रक्कम परतही येते. मात्र निधीची खातेवही चोख हवी, जामीनदार हवा आणि परतफेडीची तारीख लिहिलेली हवी. लिहून ठेवलेले कर्ज मैत्री टिकवते, न लिहिलेले कर्ज नाते तोडते, हे आपल्या बाजाराने अनेकदा अनुभवले आहे.

मोहलत मागणे ही शरमेची बाब नाही. शरमेची बाब आहे ती तोंड लपवण्याची. जो तरुण आज अडचणीत आहे, तोच उद्या कमावता होऊन आपल्या धाकट्या भावंडांना शिकवणार आहे. त्याला पायावर उभे राहण्यास वेळ द्यावा, पण वेळेचा भाव आधी विचारून घ्यावा. व्यापारात आपण माल घेताना भाव विचारतो. मुदत घेतानाही तो विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.